मानकऱ्याची खिंड आणि ठकूबाई

ऐका. सरका जरा आत. चुलवाणाच्या बाजूला बसा, गारठा फार आहे. काहिलीतला रस आत्ता कुठं फेसाळतोय, गूळ उतरायला अजून वेळ आहे. तोवर सांगतो. पण मधेच कुणी उठायचं नाही. ज्याला उठायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. नाही ना कुणी? मग ऐका.

ठकूबाई निघाली. रात्रीची. एकटी! हातात कंदील, डोक्यावर पदर, पायात नवऱ्याच्या जुन्या वहाणा. स्वतःच्या शोधायला वेळ कुणाला होता? हुंबरण्याची वेस ओलांडली, ओढा ओलांडला, आणि सडकेला न लागता बाई डावीकडं वळली. आता तुम्ही म्हणाल, वळली तर वळली. अरे, डावीकडं मानकऱ्याची खिंड! दिवस मावळला की त्या वाटेला गावातलं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आणि ही बाई वळली. का वळली? सांगतो.

ठकूबाई म्हणजे केरबाची बायको. अंगानं काटकुळी, पण तोंड असं, की बाजारात भाव करायला उभी राहिली तर दुकानदार हात जोडायचा. म्हणायचा, मावशी, फुकट न्या पण आता थांबा. आणि बोलणं सगळं जुन्या वळणाचं. तिच्या सासूनं तिच्या तोंडी बसवलेलं. घरातले तांदूळ संपले तर ही 'संपले' म्हणायची नाही. 'तांदूळ उदंड झाले' म्हणायची. दिवा विझवायची नाही, मालवायची. नारळ फोडायची नाही, वाढवायची. कुंकवाचा करंडा रिकामा झाला, तरी कुंकू 'वाढलं'. साप तर तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाहिलं ते 'लांबडं'! आणि घरातून बाहेर पडणारा माणूस, मग तो परसाकडं का निघालेला असेना, 'जातो' म्हणाला रे म्हणाला, की ठकूबाईचा हात कपाळाला. "जातो म्हणू नये बाबा. येतो म्हणावं. वास्तू तथास्तु म्हणत असती."

अशा घरात सून आली इंदू. पलीकडच्या पाथरशेतची. खिंडीच्या अल्याड हुंबरणं, पल्याड पाथरशेत. पोरगी कामाला वाघीण, मनानं चांगली, पण जीभ मोकळी. मनात आलं की ओठांवर आलं. आणि ती काही बोलली, की सासूची सुधारणा तयार. हे म्हणू नको, ते म्हण. असं न्हाई, तसं.

त्या दिवशी घरातले बाप्ये, केरबा आणि त्याचा लेक भैरू, बैलबाजाराला गेले होते. मुक्कामाला. घरात सासू आणि सून दोघीच. सकाळी जात्यावर बसताना इंदूची बांगडी फुटली. ती म्हणाली, "आत्याबाई, बांगडी फुटली." सासू म्हणाली, "वाढली म्हण." दुपारी म्हणाली, "मीठ संपलं." सासू म्हणाली, "उदंड झालं म्हण." तिन्हीसांजेला वाऱ्यानं देव्हाऱ्यातली वात गेली. इंदू म्हणाली, "दिवा विझला." झालं! ठकूबाईनं पिठाची परात खाली ठेवली आणि सुरू केलं. तुझ्या आईनं शिकवलं न्हाई का, सवाष्णीच्या तोंडी असलं का यावं, अमुक आणि तमुक. बरं, बोलण्यात विष नव्हतं हो. सवय होती, सवय! पण ऐकणाऱ्याला काय ठाऊक? खडा तो खडाच, दाताखाली आला की कळतो.

इंदू उठली. लुगडं-चोळी गाठोड्यात बांधली. म्हणाली, "या घरात माणसानं बोलायचं का मुकं ऱ्हायाचं? तुमची भाषा तुमच्यापाशी. मी जाते माझ्या आईकडं!"

आणि ठकूबाई काय म्हणाली? ऐका. सून दारात उभी, डोळ्यांत पाणी, आणि सासू म्हणाली, "जाते म्हणू नये. येते म्हणावं."

हसता काय! पुढं ऐका.

इंदू उंबऱ्यात थांबली. गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. पदर सारखा केला. पुन्हा एकदा गाठ चाचपली. मग गेली. ठकूबाई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत बसली. मनात म्हणाली, येईल ओढ्यापर्यंत जाऊन. रागाला पाय असतात, पण लांबचे नसतात.

भाकरी करपली तरी इंदू आली नाही. आली ती शेजारची गोदा, धापा टाकत. "ठकूमावशी! तुझी सून मी खिंडीच्या वाटेला बघितली! हाका मारल्या, मागं बघीना!"

ठकूबाईच्या हातातलं पीठ गळून पडलं.

आता ती खिंड काय होती, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हांला वाटायचं, बाई उगाच घाबरली.

लई मागं, पाथरशेतात एक लग्न होतं. वरबापाचा चुलता मानकरी म्हणून आला होता. भरजरी फेटा, पिळदार मिशी, आणि नाकावर राग. पंगत बसली. तूप वाढणारा आला आणि त्यानं पहिली धार शेजारच्या पाटलाच्या पानात धरली. बस्स! एवढंच! मानकरी भरल्या पानावरून उठला. ओरडला, "हे मानाचं घर नव्हं! मी जातो!" मांडवाच्या दाराशी आला. वहाणा घालायला खाली वाकला. सावकाश घातल्या. कान मागं. कुणीतरी येईल, हात धरील, म्हणेल, बसा हो पाहुणं, रागावू नका. कुणी आलं नाही. वाजंत्री वाजत होती, पंगतीत हशा चालला होता, कुणाचं लक्षच नव्हतं. मग काय करणार? बोलून बसला होता. निघाला. अंधारात खिंड चढला, वरच्या पिंपरणीच्या झाडापाशी पाय चुकला आणि कड्यावरून खाली. तेव्हापासून तो तिथं बसला. त्याचा नियम एकच. त्याच्या खिंडीत जो 'जातो' म्हणाला, त्याला त्यानं शब्दात धरला. जातो म्हणालास ना? मग जा! ते माणूस चालत राहायचं. थांबायचं म्हटलं तरी पाय थांबायचे नाहीत. सकाळी कड्याखाली सापडायचं. बांगड्या विकणारा कासार असा गेला. मेंढरं शोधायला आलेला धनगर गेला. लोक म्हणायचे, दरड ठिसूळ आहे. ठकूबाईची सासू म्हणायची, दरड नव्हे, शब्द.

कळलं आता? इंदू त्या खिंडीत, आणि तोंडात तिच्या रागाचा तो शब्द!

ठकूबाई खिंडीच्या तोंडाशी आली. दोन्हीकडं काळे कातळ, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. वारा नाही. रातकिडा नाही. आणि मोठ्या दगडावर कोण बसलंय? पाठमोरा माणूस. डोक्याला फेटा. पुढ्यात पत्रावळ. पत्रावळीवर भात, आणि भातातून वाफा निघतायत! त्या रानात! जिथं चूल नाही, चुलीचा धूर नाही!

तो न वळता म्हणाला, "काय बाई, जाता का?"

किती गोड आवाज! जसा काही गावातलाच कुणी विचारतोय. माणूस सहज 'हो, जाते' म्हणणार. पण ठकूबाईच्या जिभेला वळणच दुसरं. ती म्हणाली, "येते हं, पाहुणं." आणि पदर सावरून पुढं झाली. चार पावलांवर मागं पाहिलं तर दगड रिकामा. भाताचा वास मात्र नाकात तसाच.

पुढं गेली. वाट चढणीची. तेवढ्यात फूऽऽ! कंदील गेला. काचेत बंद असलेली ज्योत, वाऱ्याची झुळूक नाही, आणि कुणीतरी कानाशी फुंकर मारावी तशी गेली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. आणि अंधारातून नवऱ्याचा आवाज. हुबेहूब केरबा! "ठकूऽ! अगं ठकू, कंदील विझला का गं?"

बाजाराला गेलेला माणूस इथं कसा? एक पाऊल ती त्या आवाजाकडं वळलीसुद्धा. वळली आणि थांबली. केरबानं लग्न झाल्यापासून तिचं नाव घेतलं नव्हतं. त्या काळी नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नव्हते. तो म्हणायचा 'अगं ए', ही म्हणायची 'अहो ऐकलं का'. एवढ्यावर संसार झाला, लेकरं झाली. नाव घेणारा तो केरबा नव्हे!

ती मोठ्यानं म्हणाली, "विझला न्हाई. निजलाय जरासा. आता उठवते." कमरेची काडेपेटी काढली. पहिली काडी मोडली. दुसरी ओली. तिसरी पेटली! अंधारात कुणीतरी दात खाल्ल्याचा आवाज झाला. कर्रर्र!

अजून ऐका. आता त्याला राग आला होता. आता तो गोड बोलायचा राहिला. ठकूबाई अर्धी खिंड चढली, आणि कातळातून एक हात आला. नुसता हात. थंड, गोठलेल्या लोण्यासारखा. त्यानं तिचं मनगट धरलं आणि आवळलं. कडाकड! हिरव्या बांगड्यांचा चुरा. काचा मांसात रुतल्या, रक्त कोपरापर्यंत आलं. आणि दोन्ही कातळ एकदम बोलायला लागले. "काय झालं? बांगड्यांचं काय झालं? सांग! सांग, काय झालं?"

वेदनेनं माणसाच्या तोंडून खरं ते येतं. सवाष्ण बाई, नवरा परगावी, हात मोकळा! तोंडाशी शब्द आलाच होता तिच्या. 'फु' म्हणेपर्यंत ओठ गोळा झाले. पण सासूनं लावलेली शिस्त ती! ओठ तसेच मिटले आणि मग उघडले. "वाढल्या!" ती किंचाळली. "बांगड्या वाढल्या माझ्या! उद्या कासाराकडं नव्या भरीन, कोपरापर्यंत भरीन! सोड हात!"

आणि हात सुटला!

सुटला म्हणजे काय, सोडावाच लागला त्याला. शब्दात सापडत नाही त्याला धरणार कुठं? ठकूबाईनं मनगटाला पदर गुंडाळला आणि धावत सुटली वर. वहाणा कुठं पडल्या, तिला कळलं नाही.

वर पोचली. खिंडीचा माथा. मधोमध ती पिंपरण, तिच्या तीन बाजूंना माळ आणि चौथ्या बाजूला कडा. आणि पिंपरणीभोवती इंदू.

चालत होती. गोल. गाठोडं काखेत, डोळे उघडे, पण पापणी हलत नव्हती. पाय रक्ताळलेले. आणि ओठ हलत होते, "जाते... जाते... जाते..." झाडाभोवती फिरायची, आणि प्रत्येक फेऱ्याला फेरा मोठा व्हायचा. आधीचा माग दिसत होता गवतात. प्रत्येक माग कड्याच्या आणखी जवळ. आता किती राहिलं होतं? दोन-तीन फेरे! फार तर!

"इंदे!" ठकूबाई धावली. तिचा हात धरला, ओढला. पोरगी थांबेना. उलट हीच फरफटत चालली. कमरेला मिठी मारली, तरी तेच. बैलाच्या मागं बांधलेल्या ओंडक्यासारखी सासू ओढली जातेय, आणि सून म्हणतेय, "जाते... जाते..."

मागून हसण्याचा आवाज आला. पिंपरणीच्या बुंध्याशी मानकरी बसला होता. आता समोरून. फेटा लखलखत होता, मिशीला पीळ होता, पण मिशीच्या वर डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी.

"सोडा तिला," ठकूबाई म्हणाली.

"मी कुठं धरलीय? मी विचारलं, पोरी, जातेस का? ती म्हणाली, व्हय, जाते. शब्द तिचा. मी फक्त मान ठेवला."

"लेकरू हाय. रागात बोललं."

"रागातच बोलतात सगळे." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "तुला पाहिजे का ती? मग तिच्या जागी तू म्हण. एवढंच म्हण, मी जाते. म्हातारी गेली, तरणी ऱ्हाईली. सौदा वाईट न्हाई."

इंदू पुन्हा कड्याशी आली. तिच्या टाचेखालचा खडा सुटला आणि खाली गेला. पडल्याचा आवाज आलाच नाही. एवढं खोल!

ठकूबाईनं डोळे मिटले. म्हणावं का? म्हणून टाकावं. एक शब्द. भैरूची बायको, नवी नवती, उद्या लेकरंबाळं होतील. ओठांवर 'मी' आला. आणि डोळे उघडले तर इंदू समोरून चाललेली. चालता चालता पोरीचा हात काय करत होता माहीत आहे? गाठोड्याची गाठ चाचपत होता. सोडत होता, बांधत होता. सोडत होता, बांधत होता.

अगं आई गं! ठकूबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही उंबऱ्यात गाठ बांधत नव्हती. ही थांबली होती. मी थांब म्हणावं म्हणून थांबली होती! आणि मी? मी तिचा शब्द सुधारत बसले.

ठकूबाई धावली. कुठं धावली? कड्याकडं! इंदूच्या पुढं जाऊन, कड्याला पाठ करून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. टाचा हवेत. समोरून सून येतेय, थांबणार नाही, येऊन आदळणार, आणि दोघी खाली! पण बाई हलली नाही. मोठ्यानं म्हणाली,

"इंदू, ऱ्हा गं! जाऊ नको. तुझ्याबिगर घर खायला उठतंय मला. तू फुटली म्हण, संपलं म्हण, विझलं म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण घरात म्हण! माझं चुकलं, पोरी. तू निघालीस तवाच हात धरायचा होता. आता धरते. ऱ्हा!"

इंदूचा पाय उचललेला. खाली आला. पण पुढं नाही आला. जागच्या जागी आला. पापण्या लवल्या. पोरीनं सासूकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडून 'जाते'च्या जागी दुसराच शब्द आला. "आत्याबाई?" मग घळाघळा डोळे वाहायला लागले. "मग आधी का न्हाई म्हणाला?"

"येडी म्हणून," ठकूबाई म्हणाली, आणि तिला कड्यापासून आत ओढली.

वा! संपली का गोष्ट? छे! आता तर मानकरी उठला.

असा उठला, की पिंपरण मुळापासून हलली. कातळ गडगडायला लागले. खिंडीतून वारा असा सुटला, की दोघींना उभं राहवेना. तो हात पसरून त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिला आणि बोंबलला. पण ऐका हं, काय बोंबलला! "तिला थांबवलं? तिला? मला कुणी थांबवलं न्हाई! भरल्या पानावरून उठलो, एक माणूस आडवा आला न्हाई! मलाबी म्हण! मला म्हण, बसा पाहुणं!"

इंदू सासूला बिलगली. कानाशी म्हणाली, "म्हणा की आत्याबाई, म्हणा आणि सुटू."

ठकूबाईला क्षणभर त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू. एका माणसानं तेव्हा हात धरला असता, तर हे सगळं झालंच नसतं. पण तिनं विचार केला. भुताला बसा म्हणायचं? एकदा बसा म्हटलं की ते बसलं! खिंडीत नाही, आपल्या ओसरीवर येऊन बसलं! आणि त्या कासाराचं काय? धनगराच्या पोराबाळांचं काय? त्यांना कुणी बसा म्हणालं का?

तिनं पदर खोचला. असा खोचला, जसा बाजारात भाव करायला उभी राहताना खोचायची तसा.

"पाहुणं," ती म्हणाली, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तुमचा कितवा दिवस?"

मानकरी चपापला. "मी पाहुणा न्हाई! मी मानकरी हाय! माझा अपमान झालाय!"

"मान सांगावा जनाला, अपमान सांगावा मनाला. तुम्ही तर रानभर दवंडी पिटलीत. तुपाच्या एका धारेपायी!"

"तोंड आवर, म्हातारे! ही खिंड माझी!"

"कुणी दिली? आयत्या बिळावर नागोबा! घर ना दार, देवळात बिऱ्हाड. न्हाई, देवळात तरी कोण घेतंय तुम्हांला?"

इंदूला हसू फुटलं! खरंच फुटलं! भीतीनं दातखीळ बसायची वेळ, आणि पोरगी सासूच्या मागं तोंड दाबून खिदळायला लागली. आणि एक लक्षात ठेवा. रुसलेल्या माणसाला शिवी चालते, मार चालतो. हसलेलं चालत नाही.

"हसता? मला हसता? मी... मी मनात आणलं तर..."

"काय कराल?" ठकूबाई एक पाऊल पुढं सरकली. "सरड्याची धाव कुंपणापातूर. तुमची धाव या पिंपरणीपातूर. एवढी वर्षं झाली, हितनं हलवलं का तुम्हांला? मानकरी म्हणं! मान असता तर अशा ठिकाणी क्षणभर ऱ्हाईला नसता!"

मानकरी थरथरला. मिशा थरथरल्या, फेटा सुटला. मेला तरी स्वभाव मरतो काय? त्यानं पाय आपटला आणि जे मांडवात ओरडला होता, तेच ओरडला.

"असं? मानकऱ्याला असं बोलता? मग मी थांबतच न्हाई हितं! मी जातो!"

वारा थांबला. कातळ गप्प.

त्याच्या लक्षातच आलं नाही, आपण काय बोललो ते! तो दोन पावलं गेला. खाली वाकला. नसलेल्या वहाणा घालायला लागला. सावकाश. मान तिरपी, कान मागं.

आणि इकडं घात होत होता! ठकूबाईची जीभ! आयुष्यभर 'जातो' ऐकलं की ती आपोआप हलायची. आताही हलली. तोंड उघडलं, "जातो म्हणू न..." अरे, ती त्याला सुधारायला निघाली होती! 'येतो म्हणा' म्हणणार होती! तो 'येतो' म्हणाला असता की मग झालं! मग तो येतच राहिला असता जन्मभर!

इंदूनं झडप घालून सासूच्या तोंडावर हात दाबला. "आत्याबाई!" ती कानात ओरडली. "ह्याला न्हाई! ह्याला सुधारू नका!"

ठकूबाईनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं हात काढला. आणि त्या बाईनं, जिनं उभ्या जन्मात उंबऱ्यावरच्या मांजराला सुद्धा 'ये जाऊन' म्हटलं होतं, तिनं छाती भरून श्वास घेतला. दोघी एकदम ओरडल्या,

"जा!"

काय आवाज झाला असेल! हुंबरण्यात गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली म्हणतात. मानकरी वळला. तोंडावर राग नव्हता. नवल होतं, नुसतं नवल. पाय त्याचे चालायला लागले होते, आणि ते त्याला थांबवता येईनात! "अहो... अहो बाई..." म्हणेपर्यंत कड्याशी गेला. कड्याच्या पुढं गेला. हवेतच चालत गेला. आधी माणसाएवढा, मग लेकराएवढा, मग काजव्याएवढा. मग नाहीच.

पिंपरणीवर कुठूनशी एक टिटवी ओरडली. मग रातकिडे. कितीतरी वर्षांनी त्या खिंडीत रातकिडे ओरडले!

दोघी खाली उतरल्या त्या उजाडता उजाडता. वेशीत सगळं गाव जमलेलं, हातात टेंभे, काठ्या. गोदानं आरडाओरडा केला होता, पण खिंडीत शिरायची छाती कुणाची होईना, बिचारे तिथंच उभे होते. ठकूबाई अनवाणी, मनगटाला रक्ताचा पदर, आणि सून तिच्या गळ्यात हात टाकून. पाटलानं विचारलं, काय झालं? इंदूनं सांगितलं. असं रंगवून सांगितलं, हातवारे करून, मानकऱ्याची मिशी फिरवून, की गाव हसून लोळलं. ज्या नावानं पोरं झोपेत दचकायची, त्या नावावर गाव हसलं! कुणीतरी ढोल आणला. दुपारपर्यंत ठकूबाईला घरी जाऊ दिलं नाही. बायकांनी तिला आणि इंदूला शेजारी शेजारी बसवून ओट्या भरल्या, आणि केरबा संध्याकाळी नवा बैल घेऊन आला, तर बैलाकडं बघायला गावात माणूस मोकळं नव्हतं! म्हणाला, "अगं ए, काय केलंस एवढं?" ती म्हणाली, "काय न्हाई. एका पाहुण्याला वाटेला लावलं."

त्या खिंडीतून आता दिवसा बैलगाड्या जातात. पाथरशेतच्या लेकी माहेरी जातात, हुंबरण्याच्या येतात. काही भय नाही.

काय? काय विचारलंस? तो गेला कुठं?

हं. इथंच तर मेख आहे, बाळांनो. इंदूही हेच विचारणार होती, त्या रात्री, तो दिसेनासा व्हायच्या आत. ओठांवर आला होता प्रश्न. पण ठकूबाईनं चटकन तिचा हात दाबला. कारण बाहेर पडणाऱ्याला 'कुठं' म्हणून विचारू नये, अशी आपली रीत. मोठा अपशकुन. तिनं विचारू दिलं नाही. आणि त्यानं सांगितलं नाही.

गेला, एवढं खरं. कुठल्या वाटेला गेला, ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा त्या खिंडीची वाट रात्रीची धरू नका. दुसरीही धरू नका. गूळ झाला की गरम गरम खा, आणि निजा इथंच चुलवाणापाशी. उजाडल्यावर बघू.